खंडू मरताना काय बोलला

सगुणावयनी माझी भावजय, माझ्या थोरल्या भावाची, राघोदादाची बायको. तिच्याबद्दल सांगायचं तर मला माझं पाप सांगावं लागेल. ते मी सांगणार आहे, पण माझ्या सवडीने. मध्येच घाई कुणी करायची नाही, नाहीतर मी उठून जाईन.

आमचं गाव ठाण्यापासून लांब, खाडीच्या अंगाला. मिठागर संपलं की घरं, घरं संपली की भाताची खाचरं. पावसात भात, पाऊस गेला की मीठ, आणि ह्या दोन्हींतून अंगावर काढलेल्या तापासारखं नाटक. चैत्रात गावदेवीची जत्रा असायची आणि जत्रेला नाटक झालंच पाहिजे. नाही झालं तर देवी कोपते की नाही ते देवीला माहीत, पण गाव नक्की कोपायचा. नट आम्हीच. सकाळी मीठ ओढणारे, संध्याकाळी राजे.

वयनी कल्याणची. बाप तिथल्या बाजारात बैलगाडी हाकायचा. घरासमोर मुलींची शाळा होती. बाप म्हणाला, समोरच आहे तर जाऊन बस, घरात तरी पायात येणार नाहीस. अशी ती चौथीपर्यंत बसली. सत्तेचाळीस साली लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा गावातल्या बायकांत वाचता येणारी ती एकटी, आणि बाप्यांत दीड. एक पाटील, आणि अर्धा आमचा पुजारी. त्याला छापील वाचता यायचं, हातचं नाही.

तिचं बूड म्हणून एका जागी टेकायचं नाही. भाकरी थापता थापता उठायची, दारात जाऊन यायची. का गेली ते तिलाही सांगता येत नसे. आमची आई होती तेव्हा म्हणायची, "हिच्या पायाला भिंगरी हाय." वाण्याकडून गूळ आला की आधी पुडीचा कागद वाचायची, मग गूळ डब्यात जायचा. पुडीच्या कागदावर बातमी नेहमी अर्धीच. कुणाची तरी गाय हरवलेली, कुणीतरी कोर्टात उभा राहिलेला, आणि पुढे कागद फाटलेला. "गणू, पुढं काय झालं असंल रे?" मला विचारायची. मला काय माहीत! दुसऱ्या दिवशी तीच येऊन सांगायची, गाय सापडली, अमक्याच्या गोठ्यात होती. कुणी सांगितलं म्हटलं की हसायची आणि कळशी उचलून चालू पडायची.

वाचताना उजव्या हाताचं बोट ओळीवर ठेवायची. शाळेतल्या बाईंनी लावलेली सवय, ती काही गेली नाही. बोट ओळीवरून सरकत जायचं, ओळ संपली की उडी मारून खाली.

आता नाटकाचं ऐका. नाटकाचं पुस्तक सगळ्यांना मिळत नाही. ज्याची त्याची भाषणं वेगळ्या कागदावर उतरवून देतात, त्याला नक्कल म्हणतात. समोरच्याचं भाषण त्यात नसतं. नुसते त्याचे शेवटचे तीन-चार शब्द असतात, म्हणजे ते ऐकू आले की आपण तोंड उघडायचं. वाचता येणाऱ्यांसाठी सोय चांगली. आम्हाला कुठे वाचता येत होतं! म्हणून दुपारी मिठागरावरून जेवायला आलो की आम्ही सहा-सात जण आमच्या ओटीवर बसायचो आणि वयनी एकेकाची नक्कल वाचून दाखवायची. आम्ही ऐकायचं आणि पाठ करायचं. दादा तर तिच्या तोंडाकडे बघायचाच नाही. बोटाकडे टक लावून बसायचा. शब्द जसे बोटातूनच गळतात.

पहिल्या वर्षी काय फजिती झाली! दादा दरोडेखोर झालेला. रंगमंचावर आला, छाती काढून उभा राहिला आणि गरजला, "शिपाई निघून जातो. दरोडेखोर रागाने मिशीवरून हात फिरवून. कोण आहे रे तिकडे?" लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडले. दादाला कळेना, हसतात का. वयनीने कागदावरचं सगळं वाचलं होतं, कंसातलंसुद्धा, आणि दादाने सगळं पाठ केलं होतं. त्यात त्या बिचाऱ्याची चूक काय? त्याला दिलं ते त्याने म्हटलं. शिपायाने तर पुढे जाऊन दादाचेच शेवटचे शब्द दादाच्या आधी म्हणून टाकले, कारण ते त्याच्या नकलेत होते.

त्यानंतर वयनी गाळायला शिकली. कंस आला की डोळ्यांनी वाचायची, तोंडाने नाही. "हितं तू रागवायचं," एवढं वेगळं सांगायची. तिला गाळता येतं तसं घालताही येईल, हे काही कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आणि नुसतं नाटक नव्हतं हो. गावातली सगळी कार्डं, तलाठ्याकडून आलेल्या नोटिसा, लग्नाच्या पत्रिका, सगळं तिच्याकडे यायचं. समोरच्या घरात बायजाकाकू राहायची. विधवा बाई, एकुलता एक मुलगा, पोपट नावाचा, तो भुसावळला रेल्वेत. दोन-तीन महिन्यांनी त्याचं कार्ड यायचं. काकू ते कार्ड पदराखाली घेऊन यायची आणि देवळात बसल्यासारखी वयनीसमोर बसायची. वयनी बोट ठेवून वाचायची. काकू डोळे पुसायची, मग हसत हसत घरी जायची. त्या दिवशी तिच्या चुलीचा धूर जरा जास्त निघायचा, असं दादा म्हणायचा.

बावन्न साली मी कल्याणजवळ मोहन्याला रेयॉनच्या कारखान्यात लागलो. राहायला तिथेच, चौघांत एक खोली. शनिवारी संध्याकाळी घरी यायचो, रविवारी परत. तिथे मोठ्या माणसांसाठी वाचायला शिकवायचा वर्ग निघालेला, त्यात मी जाऊन बसलो. वर्षभरात अडखळत अडखळत वाचायला लागलो. मला वाटलं, आता मी म्हणजे कोण! पुढच्या नाटकाला सगळ्यांसमोर सांगितलं, "माझी नक्कल मी वाचणार. वयनीची गरज नाय."

"बरं झालं बाबा," ती म्हणाली, "एक ओझं कमी झालं." आणि उठून आत गेली. तिला लागलं ते मला कळलेलं, आणि मला बरं वाटलेलं. असा मी माणूस.

तर पंचावन्न सालचं नाटक. ते लिहिलेलं गद्रे मास्तरांनी. डोंबिवलीचे, तिथल्या शाळेत शिकवायचे. भला माणूस. गावोगावच्या मंडळींना नाटक फुकट द्यायचे, नकला विद्यार्थ्यांकडून उतरवून द्यायचे, आणि त्यांची एकच अट, प्रयोगाला मला बोलवा. नाटक एका सरदाराचं. सरदार मी. कारण उंची माझी, आवाज माझा, आणि खरं सांगतो, गावात माझ्यासारखा नट नव्हता. दादा सरदाराचा नोकर, खंडू. तिसऱ्या अंकात शत्रूचा घाव खंडू स्वतःच्या अंगावर घेतो आणि मरताना म्हणतो, "सरकार, सात पिढ्या तुमचं मीठ खाल्लं. त्या मिठाला आज जागलो. आता समाधानाने डोळे मिटतो." की मग मी म्हणायचं, "धन्य, धन्य तुझं इमान, खंडू! असे सेवक आहेत म्हणून आमचं राज्य आहे!" आणि पडदा. टाळ्या मला. निदान मी तरी तसं धरून चाललेलो.

वयनीने ते भाषण पहिल्यांदा वाचलं तो रविवार होता, मी ओटीवर माझी नक्कल घोकत होतो. तिने एकदा वाचलं, परत वाचलं, मग कागद पालथा घातला.

"काय गो?" दादाने विचारलं.

"काय नाय," म्हणाली आणि उठून बांधापर्यंत जाऊन आली. आली ती माझ्यासमोर उभी. "गणू, ह्या सरदारानं कधी मिठागरात पाय बुडवले काय रे?"

"सरदार आहे तो, वयनी. तो कशाला बुडवील?"

"मंग मीठ त्याचं कसं?"

"खंडूने त्याचं खाल्लं ना!"

"पिकवलं कुणी?"

"डोकं नको खाऊ," मी म्हटलं. "नाटक आहे ते."

ती गप्प बसली. पण स्वस्थ नाही. चार दिवस घरात नुसती येरझारा. भांडं घासायला घ्यायची आणि अर्धवट टाकून उठायची. आमच्याकडे मीठ डोक्यावरून वाहायचं काम बायकांचं. दिवसभर खारं पाणी आणि अणकुचीदार खडे, पायाला भेगा पडायच्या त्या मोसम संपेपर्यंत भरायच्या नाहीत. वयनी आमसुलाचं तेल कढवून त्यात भरायची. दादा म्हणाला, त्या आठवड्यात तेल चुलीवर जळून जायचं आणि हिला पत्ता नसायचा, पायाकडे बघत बसलेली असायची. पाचव्या दिवशी तिने दादाला म्हटलं, बस, मरणाचं भाषण पाठ करून घेऊ. आणि बोट कागदावर ठेवलं.

आता तुम्ही म्हणाल, तालमीत कुणाला कळलं कसं नाही? त्याचं कारण आमच्या गावची रीत. मरतानाचं भाषण तालमीत पुरतं बोलायचं नसतं. अपशकुन. तालमीत त्या जागी नट नुसता आडवा पडतो आणि शेवटचे तीन शब्द म्हणतो, की समोरच्याने आपलं सुरू करायचं. दादा आडवा पडायचा, "समाधानाने डोळे मिटतो" म्हणायचा, मी "धन्य धन्य" करायचो. वयनी हुशार. शेवटचे ते शब्द तिने जागच्या जागी ठेवलेले.

जत्रा आली. गद्रे मास्तर आले, पुढच्या खुर्चीत बसले. शेजारी मिठागराचे मालक, पाटील, सगळे मानकरी. दोन अंक झकास झाले. तिसऱ्यात दादा पडला. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि तो बोलायला लागला.

"सरकार, सात पिढ्या तुमचं मीठ खाल्लं, असं लोक म्हणतात. माझे पाय बघा, सरकार. ह्या भेगा बघा. मीठ ह्या पायांनी पिकवलं. माझ्या आईनं डोक्यावरून वाहिलं. तुम्ही नुसतं खाल्लंत. मी जागलो, जागलो म्हणू नका. खाल्ल्या मिठाला जागायची पाळी आता तुमची. मी आता समाधानाने डोळे मिटतो."

आणि मिटले की डोळे! माझ्या मांडीवर! एवढी माणसं, पण खाडीवरचा वारा ऐकू येत होता. बायकांच्या बाजूला कुणीतरी हुंदका दिला. मी काय करणार? माझे शब्द आले होते, मी तोंड उघडलं. "धन्य, धन्य तुझं इमान, खंडू! असे सेवक आहेत म्हणून आमचं राज्य आहे!"

मागून एक म्हातारी ओरडली, "मेल्या, आधी त्याचे पाय बघ!"

झालं. अख्खा गाव माझ्यावर उलटला. शिट्ट्या, आरडाओरडा, "पाय बघ, पाय बघ!" पडदा ओढणाऱ्याचाही हात थांबला, तोही बघत बसला. मी सरदाराची पगडी घालून भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेलो, आणि आयुष्यात एवढा उघडा कधी पडलो नव्हतो. दरवर्षी जत्रेचे पंच चांगल्या नटाला चांदीचं पदक द्यायचे, ते त्यांनी दादाला दिलं. दादा लाजला, पदक कुठे लावायचं कळेना, शेवटी मुठीत धरून उभा राहिला. मी राखेने तोंडावरचा रंग घासत होतो. रंग निघाला तरी घासत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे चहा चाललेला. अर्धा गाव तिथेच. गद्रे मास्तर पिशवी घेऊन निघायच्या तयारीत. पण त्यांचा पाय निघेना. शेवटी दादाला म्हणाले, "राघोजी, काम उत्तम केलंत. पण ते शेवटचं भाषण माझं नव्हे. कुठून आणलंत?"

दादा म्हणाला, "कागदात होतं तेच बोललो, मास्तर. मना वाचता येत नाय. बायकोनं वाचलं, मी पाठ केलं."

"मग नक्कल उतरवणाऱ्या मुलाने काही घोटाळा केला असेल," मास्तर म्हणाले. बघा, केवढा सरळ माणूस. तो विषय तिथेच संपत होता. मी गप्प बसलो असतो तर संपला असता.

"घोटाळाबिटाळा काय नाय," मी म्हटलं. "नक्कल मी रात्रीच घरी बघितली. मला वाचता येतं. कागदात तुमचंच भाषण आहे. हे वयनीने घातलंय. मनचं."

वयनी कळशी घेऊन विहिरीवरून येत होती. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. मास्तरांनी विचारलं, "बाई, खरं का हे?"

ती नाही म्हणू शकली असती. माझ्या एकट्याच्या वाचण्याला तेव्हा कोण विचारत होतं? पण तिने कळशी खाली ठेवली, पदर खोचला आणि म्हणाली, "हो. मी घातलं. तुमचा खंडू मरताना खोटं बोलत होता."

मास्तरांनी पिशवी खाली ठेवली. "अहो, पण खंडू मी लिहिलाय."

"खंडू तुम्ही लिहिला, पर मीठ आम्ही पिकवलं."

काय तिचं तोंड होतं त्या वेळी! मी तिला आठ वर्षं बघत होतो, पण अशी उभी राहिलेली कधी बघितली नव्हती. दोन्ही पाय जमिनीवर, कुठे जायची घाई नाही. आपलं काहीतरी चारचौघांत आपलं म्हणून सांगितलेलं माणूस असंच दिसत असेल. मला ते कुठून माहीत असणार!

आणि तेवढ्यात मागून बायजाकाकूचा आवाज आला. हळू होता, पण सगळ्यांनी ऐकला. "म्हंजे गो सगुणे, कागदात नसतंय ते पण तू वाचतीस?"

वयनीचं तोंड उतरलं. तिने काकूकडे एकदा बघितलं. कळशी उचलून घरात गेली. मास्तरांनी खिशातून वही काढली, दादाला विचारून विचारून ते भाषण उतरवून घेतलं, आणि गेले. पुढे त्यांचं नाटक छापून आलं त्यात खंडू तेच बोलून मरतो. छापलं चांगलं केलं. नाव एकट्या त्यांचंच, वयनीचं ते कुठे घालणार होते, तेही खरंच.

त्या दिवसापासून आमच्या ओटीवर कागद यायचा बंद झाला. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. नुसतं येणं बंद. तलाठ्याची बांधाबद्दल नोटीस आली ती दोघांनी तंगडतोड करत ठाण्याला नेली आणि तिथे कुणाकडून वाचून आणली. एकाने तर दोन वर्षांपूर्वीची पत्रिका परत वाचून घेतली, मुहूर्त खरा होता की नाही बघायला! लग्न होऊन पोर झालेलं, तरी.

आणि कार्डं आता माझ्याकडे यायला लागली. रविवारी सकाळी मी ओटीवर बसायचो, लोक यायचे. मी शब्द न् शब्द वाचायचो, एक अक्षर इकडे नाही की तिकडे नाही. पहिले दोन रविवार मला भारी वाटलं. आत वयनी असायची. तिच्या हाताचा आवाज यायचा, भांडं घासतेय, घासतेय, तेच भांडं. मग पावलं. मागच्या दारी, पुढच्या दारी, परत मागे. पूर्वीची तिची भिंगरी वेगळी होती हो, ती कशाच्या तरी मागे असायची. ही नुसती कोंडल्यासारखी. माझ्याशी बोलली नाही, पण ताटात वाढायची, भाकरी गरम असायची, आणि तीच माझ्या घशाखाली उतरायची नाही. दादा काहीच बोलायचा नाही. ना तिला, ना मला. मला वाटायचं त्याने एकदा माझ्या कानाखाली वाजवावी आणि मोकळं करावं.

तिसऱ्या रविवारी बायजाकाकू आली. हातात पत्र्याचा डबा. त्यात पोपटची सगळी कार्डं, तीन-चार वर्षांची. दादा कोपऱ्यात टोपली विणत बसलेला. काकूने डबा उघडला, कार्डं चाळली, एकावर चहाचा डाग होता ते काढून माझ्या हातात दिलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण कुठलं कार्ड कधीचं ते डागांवरून माहीत होतं.

"वाच," म्हणाली. "मी काय सांगत नाय. तूच वाच."

मी वाचलं. "तीर्थरूप मातोश्रीस पोपटचा साष्टांग नमस्कार. येथे सर्व खुशाल. तब्येत बरी. शिमग्याला रजा मिळणार नाही. कळावे." आणि कार्ड संपलं. दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं, मोजून चार ओळी.

मी मान वर केली. काकू माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते. तिला पुढचं पाठ होतं. तीन वर्षं ती ते पाठ करून जगत होती, आणि ते कार्डात नव्हतं.

मला वाटलं होतं, मी खरं बोललो. मास्तरांसमोर बोललो ते अक्षरन् अक्षर खरं होतं. आत्ता ह्या म्हातारीला "बस, एवढंच आहे" म्हटलं असतं तर तेही खरंच झालं असतं. आतली पावलं थांबलेली. वयनी दाराआड उभी होती, मला दिसत नव्हती, पण होती.

"झालं?" काकूने विचारलं. मग तिलाच राहवेना. "आणि... सुकटीचं?"

नकलेत समोरच्याचे शेवटचे शब्द असतात ना, तसे तिने मला दिले. आणि मी नट आहे. शब्द मिळाले की मला तोंड उघडता येतं.

"थांब थांब काकू," मी म्हटलं, "हितं खाली बारीक लिवलंय, मला दिसलंच नाय." कार्ड डोळ्यांजवळ धरलं. "आये, हितल्या खानावळीत सुकट मिळत नाय. तुझ्या हातच्या चटणीची..."

"...आठवण येते," काकू माझ्याबरोबर म्हणाली.

"आठवण येते. पाट्यावर तू वाटायचीस..."

"...त्याचा वास नाकात हाय," ती म्हणाली. आता तीच पुढे गेलेली, मी मागून. "तब्येतीला जप. ऊन लागलं तर मिठागरावर जाऊ नको."

"जाऊ नको," मी म्हटलं. "कळावे."

तिने माझ्या हातातून कार्ड काढून घेतलं, डब्यात ठेवलं, झाकण लावलं. डोळे पुसले. "मंग वाचलेलं की तिनं बरोबर," म्हणाली. "आणि तू मेल्या चारचौघांत तिची अब्रू घालवलीस. नाटकात असंल घातलं तिनं काय ते. नाटक कुठं खरं असतंय?" कनवटीचं नवीन कार्ड काढलं. मला वाटलं मला देते. ती उठून सरळ आत गेली. "सगुणे, कुठं हायस गो? हे वाच. कालपासून येऊन पडलंय. ह्या गण्याला अर्धं दिसतच नाय."

ओटीवर आम्ही दोघे भाऊ. दादाने टोपलीची काडी दाताने तोडली.

"तुझं पण बोट थांबलेलं," म्हणाला.

"काय?"

"कार्ड वाचताना तू पण बोट ठेवतोस. पयल्यांदा चाललं. सुकटीचं आलं तेव्हा जागेवर थांबलेलं." टोपली फिरवून त्याने दुसरी बाजू घेतली. "तिचं पण तसंच व्हायचं. पायांच्या भेगांचं बोलली तेव्हा बोट एका जागी. चार दिवस मी तिच्यासमोर बसलेलो, चारही दिवस त्याच जागी."

"म्हणजे तुला माहीत होतं? कागदात नाही ते?"

"मना वाचता येत नाय. बगता तरी येतंय की."

"आणि तरी तू बोललास? मालक समोर बसलेले, मास्तर बसलेले, आणि तू..."

"तेच सगळ्यात पक्कं पाठ केलेलं मी."

"अरे, मग तिला एकदा सांगायचंस तरी! की मला कळलंय म्हणून. एवढे दिवस ती नुसती तळमळतेय."

"मना वाटलं, सांगितलं तर लाजंल," दादा म्हणाला. "मंग परत कधी बोट थांबवायची नाय."

आतून वयनीचा आवाज आला. सुरुवातीला दबका होता, मग नेहमीसारखा झाला. तीर्थरूप मातोश्रीस पोपटचा साष्टांग नमस्कार. येथे सर्व खुशाल. दादाने टोपली खाली ठेवली, धोतराला हात पुसले, आणि आत जाऊन तिच्यासमोर बसला. मी ओटीवरच बसून राहिलो. आत काकू मध्येच हसली, आणि वयनी पुढे वाचत राहिली. पोपटची कार्डं एवढी लांब कधीच नसत.